कानस आणि कापूस

सोमवार, ३ नोव्हेंबर

वही नवी, पेन जुनं. एकवीस वर्षं सायलेन्सर उघडतोय आणि एका ओळीची नोंद ठेवली नाही, याची आज पहिल्यांदा लाज वाटली. कोणी शिकवलं नाही, म्हणून मीही कुणासाठी लिहून ठेवलं नाही, असं चाललं होतं. पण आज जे काम आलंय ते लिहून ठेवायच्या लायकीचं आहे.

काम सिस्टरचं. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन ओल्या बाळंतिणी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं बघणारी नर्स. तिच्याकडे जुनी फटफटी आहे, दोन सिलिंडर, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. गाडीचं वय अठ्ठेचाळीस, म्हणजे माझ्याहून चारच वर्षांनी लहान. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आवाज असा, की गल्लीत शिरली तर कपाटातली भांडी बोलायला लागतात.

"काका, बाळं झोपलेली असतात हो," ती म्हणाली. "म्हणून मी कोपऱ्यावरच इंजिन बंद करते आणि तिथून ढकलत नेते."

"किती लांब?"

"पन्नास-साठ पावलं. दिवसाला अकरा घरं."

"एकशे नव्वद किलोचं धूड आहे हे!"

"एकशे नव्वदच का? मला उगाच दोनशे वाटत होतं."

अशी माणसं असतात. तिच्यासाठी मी हे काम फुकटसुद्धा केलं असतं. पण तिनं आधीच दर विचारून घेतला होता.

एकवीस तारखेला गाडीची सरकारी तपासणी आहे. आवाज मोजणारं यंत्र लावतात. आकडा वर गेला तर नंबरपाटी काढून घेतात आणि अकरा घरं सिस्टरविना. नवा सायलेन्सर या गाडीला मिळत नाही. म्हणजे जुनाच उघडायचा, आतला गाभा नवा करायचा, भरण बदलायचं.

आतल्या भोकांच्या नळीला कोणी बॅफल म्हणतं, कोणी जाळी. मी गाभा म्हणतो. धूर या नळीतून जातो, आवाज भोकांतून बाहेर पडून भोवतीच्या काचलोकरीत मुरतो. धूर पुढे, आवाज आडवा. ज्यानं हे पहिल्यांदा शोधलं त्याला माझा नमस्कार.

ती जाताना म्हणाली, "सगळे सांगतात, कानसेनकडे जा." या भागात मला कानसेन म्हणतात. मी नको म्हणत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज उघडलं. एकेका सायलेन्सरच्या शेपटाकडे सहा रिव्हेट. ड्रिलनं डोकी उडवली, टोपण निघालं. गाभा मात्र गंजानं असा बसला होता की तेल घालून दोन तास नुसतं बघत बसावं लागलं. मग लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे हलके टोले. जोर नाही करायचा. जोर करणारा माणूस पत्रा चेपतो आणि मग गाडीला दोष देतो.

जुनं भरण काळंकुट्ट, तेलानं थबथबलेलं, मुठीत घेतलं की भुगा. उजवीकडचा गाभा शेवटच्या वेल्डपाशी तुटून आत खुळखुळत होता. पण मूळ कारागिराचं काम काय सुंदर! भोकांच्या रांगा एकीला एक लागून नाहीत, विटांच्या बांधकामासारख्या सरकवून पाडलेल्या. म्हणून नळी तिथे चिरत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी विचार केला आणि डब्यात बंद करून टाकला, कोणाला दिसणार नाही असा. मी तासभर बघत होतो.

ताईलाही दाखवलं. आमची शेड एकच. पुढच्या भागात तिचं गाद्या-उशांचं दुकान, मागच्या भागात मी. मध्ये जाड पडदा, कारण काचलोकर आणि कापूस यांची भेट होऊन चालत नाही. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी मोठा ताप आला, त्यानंतर दोनेक महिन्यांत तिचे दोन्ही कान हळूहळू गेले. तेव्हा मी सात वर्षांचा. तेव्हापासून घरात तिचा कान मी. दारात कोण आलं, आई कुठून हाक मारते, दूध उतू चाललंय, सगळं मी ऐकायचं. फरशीवर दोनदा थाप मारायची, तिला तळपायातून कळायचं, ती वळून बघायची आणि मी ओठ हलवून सांगायचो. लोक विचारतात कान असा तयार कसा झाला. दोन माणसांचं ऐकून.

तिनं भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शिवलंय चांगलं."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भोकांची तयार नळी या मापात मिळेना. साधी आणली. पंचेचाळीस मिलिमीटर व्यास, तीनशे ऐंशी लांबी. मूळ नळीवर कागद गुंडाळून नक्षी उतरवून घेतली. अठरा रांगा, रांगेत चोवीस भोकं. एका नळीला चारशे बत्तीस, दोन नळ्यांना आठशे चौसष्ट. तीन दिवसांचं काम दोन दिवसांत केलं. पंचाची खूण आधी, मग बारीक ड्रिल, मग पाच मिलिमीटरचं. एकही भोक रांग सोडून नाही.

आता महत्त्वाचं. ड्रिल बाहेरून जातं, त्यामुळे भोकाच्या कडेची धारदार कुसळं नळीच्या आत उभी राहतात. आत डोळा पोचत नाही. लांब गोल कानस आत घालून ती काढायची. कधी थांबायचं हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते माझं स्वतःचं आहे आणि इथे पहिल्यांदाच लिहितोय: कुसळ असेतो कानस बारीक किरकिरते. किरकिर थांबली की कुसळ गेलं. डोळे मिटून, कान लावून काम करायचं.

एरवी एका नळीला दीड तास जातो. आज पाऊण तासात किरकिर बंद. दोन्ही नळ्या जेवणाआधी तयार! हात वयाबरोबर सुधारतो, हेच खरं.

ताई पडदा बाजूला करून बघत उभी होती. ती आज बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. गाद्यांची घाई असताना.

शनिवार, ८ नोव्हेंबर

भरणी. बाह्या मनगटापर्यंत, हातमोजे, तोंडाला फडकं. काचलोकर अंगाला लागली की दोन दिवस खाज. आधी गाभ्याला पोलादी लोकरीचा एक वेढा, म्हणजे गरम धुरानं काच जळत नाही. त्यावर काचलोकर, वजन करून दोनशे ग्रॅम. मग सुती दोऱ्यानं गुंडाळायचं. गाडी तापली की दोरा जळून जातो आणि भरण फुलून पत्र्याला टेकतं. दोरा ताईचा. गाठही तिनं मारली, एका हातानं, मी बघेपर्यंत झाली होती. चाळीस वर्षं गादीला टाके घालणारा हात! मी सायलेन्सरमधला उस्ताद असेन, पण तिची गाठ मला अजून जमलेली नाही हे इथे मान्य करतो.

संध्याकाळी पाचला गाडी सुरू केली.

काय आवाज! आवाज कसला, नुसता गुरगुराट, मऊ, खोल, एखादं मोठं मांजर पोटावर बसल्यासारखा. वरची सगळी कर्कशता नाहीशी. एकवीस वर्षांत असा गोड सायलेन्सर माझ्या हातून झाला नव्हता. सिस्टर चक्कर मारून आली आणि हेल्मेट काढत काहीतरी पुटपुटली. कौतुकच असणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. किटलीची शिट्टी बिघडली आहे, महिनाभर वाजतच नाही. आज झाकण उघडलं, भोक सुईनं साफ केलं, पुन्हा ठेवली. पाणी उकळून अर्धं झालं तरी शिट्टी नाही.

ही म्हणाली, "अहो, वाजली की. मी बंद केली म्हणून थांबली."

"वाजली असती तर मला ऐकू नसती आली?"

ही कप मांडायला लागली. म्हणजे तिला पटलं.

आणखी एक नोंद: यंदा मागच्या झाडावर पाखरं नाहीत. हवा बिघडली असेल.

सोमवार, १० नोव्हेंबर

सिस्टर परत आली!

"काका, आवाज खूप कमी झालाय, पण शिट्टी येते. बारीक. किटली ठेवल्यासारखी. काल एक बाळ दचकून उठलं."

मी गाडी सुरू केली, दोन्ही बाजूंना बसून, वाकून ऐकलं. काही नाही. "शिट्टी हेल्मेटमधून येते," मी तिला सांगितलं. "काचेच्या फटीतून वारा शिरतो."

"हेल्मेट हातात आहे, काका."

अकरा घरांचे आवाज दिवसभर ऐकून तिचे कान शिणले असणार. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम. ठेवून घेतली.

एकवीस वर्षांत एक सायलेन्सर परत आला नव्हता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी एक घोटाळा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "हात भाजले." मी दाढीचा फेस तसाच, गार पाण्याचा तांब्या घेऊन धावलो आणि तिचे दोन्ही हात त्यात बुडवले. ही बघतच राहिली.

"सात वाजले, म्हटलं मी! सात!"

हिला अलीकडे पुटपुटायची सवय लागलीय. शब्दांच्या कडाच तोंडातून नीट बाहेर पडत नाहीत. मी बोललो तसं. ही हसली, मग हात पुसत मागे वळली आणि बराच वेळ वळलेलीच होती.

सायलेन्सर पुन्हा उघडला. भरण वाढवलं. दोनशे साठ ग्रॅम.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सिस्टर म्हणते शिट्टी तशीच आहे, वर आता पत्रा टणटणतो. मला टणटण किंचित जाणवली. शिट्टीचं नाव नाही. पुन्हा रिव्हेट उडवले. तीनशे चाळीस ग्रॅम, लाकडी दांड्यानं ठासून. आता आतून मुंगी जरी ओरडली तरी बाहेर येणार नाही.

ताईनं मुठीनं भरण दाबून पाहिलं. "इतकं ठासून भरलेल्या गादीवर कोणी झोपत नाही. मऊपणा कापसात नसतो, धाकट्या. कापसातल्या हवेत असतो."

"हे सायलेन्सर आहे, ताई, गादी नाही. तू आयुष्यात सायलेन्सर ऐकलायस तरी का?"

बोलून गेलो. ताईनं ओठ वाचले आणि नुसती मान हलवली. तिला राग येत नाही, हा तिचा मोठेपणा आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो.

ताईचं आणखी एक लिहायचं राहिलं. हल्ली ती माझ्याशी काही बोलायच्या आधी टेबलावर दोनदा थाप मारते. ती माझी खूण, तिच्यासाठीची! आता ती माझ्यावरच वापरते. आणि बोलताना उजेडाकडे तोंड करून उभी राहते, सावकाश बोलते. वय झालं की माणूस लहानपणात जातो म्हणतात, तसलं काही असेल. छप्पन्न म्हणजे काही फार नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आवाज वाढला! सिस्टर सांगते, ही सांगते, समोरचा शिंपी येऊन सांगून गेला. तीनशे चाळीस ग्रॅम भरूनही वाढला. सहा दिवस राहिलेत.

सिस्टर रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "काका, तोवर मी पायी फिरते. अकराची सात घरं होतात, पण होतात." पायांत साधे कापडी बूट. मी तिच्या बुटांकडे बघत राहिलो.

तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तसं म्हणाली नाही, पण गाडीजवळ उभी राहून माझ्याकडे जसं बघत होती तसं डॉक्टर लोक बघतात.

माझ्या कानाला काय झालंय? काही नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही ती घड्याळ जुनं आहे म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. लिहायची इच्छा नाही, म्हणूनच.

सकाळी गाडी सुरू करून मी उजव्या सायलेन्सरपाशी बसलो होतो. पाठीमागून कोणी आलेलं कळलं नाही. खांद्यावर दोन थापा. ताई. तिनं मला सरकवलं, हातावर ओलं फडकं गुंडाळलं आणि सायलेन्सरच्या शेपटाजवळ तळहात टेकवला. मग थोडा पुढे. मग आणखी पुढे. वैद्य नाडी बघतो तशी. मध्ये एके ठिकाणी थांबली.

"इथे मुंग्या येतात."

"कसल्या मुंग्या?"

"बारीक. इंजिनाच्या धडधडीच्या वर. ठेव हात."

ठेवला. खाली मोठी धडधड, ती मला ऐकूही येत होती. आणि तिच्या वर खरंच, मुंग्यांची रांग चालल्यासारखं काहीतरी. हाताला लागत होतं; कानात त्याचं काहीच नव्हतं.

ताई म्हणाली, "गाभा काढ."

काढला. ठासलेलं भरण ओढून काढायला तास लागला. तिनं पुढून आपली लांब काठी आणली, टोकाला चिमूटभर पिंजलेला कापूस बांधला आणि नळीत घालून सावकाश ओढायला लागली.

"माझ्या टेबलाच्या फळ्या मी अशाच बघते. कापड फाटायच्या आधी कापूस सांगतो."

कापूस बाहेर आला तो अर्धा. उरलेला आत. नळी उजेडाकडे धरली, तर आत पांढऱ्या कापसाचे बारीक झुबके, रांगेनं, विटांच्या बांधकामासारखे. कुसळं! भोकाभोकाला कुसळ. धूर त्यांच्यावरून जाताना शिट्टी वाजवत होता.

"शक्य नाही," मी म्हणालो. "मी कानसलीय ही नळी. किरकिर थांबेपर्यंत कानसलीय."

ताई उजेडाकडे वळली. मग अगदी सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "काय थांबलं, धाकट्या? किरकिर, का कान?"

मी खूप काही बोललो. ते लिहीत नाही. ती माझं तोंड वाचत राहिली, सगळं संपेपर्यंत. बहिरं माणूस नजर वळवून वाद टाळू शकतं. तिनं वळवली नाही. मग म्हणाली, "मलाही आधी वाटलं होतं, पाखरं गेली. मग वाटलं आई रुसलीय, हळू बोलते. तू सात वर्षांचा होतास, तरी तुला माझ्या आधी कळलं होतं. तू थापा मारायला लागलास."

मी शेड तशीच उघडी टाकून घरी आलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. किटलीसमोर बसलो. वाफ आली तेव्हा झाकणाजवळ बोट नेलं. मुंग्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गेलो. ताईनं माझं दुकान झाडून ठेवलं होतं, कानस तेल लावून. परवाच्याबद्दल एक शब्द नाही. फक्त टेबलावर दोन थापा आणि: "शिकायचंय?"

बावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी शिकवलं. आजवर मी अभिमानानं सांगत आलो की माझा गुरू नाही. आता ते वाक्य बदलावं लागेल.

तिनं कानशीची मूठ माझ्या हातात दिली आणि माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली. "दाबू नकोस. दाबलंस तर तुझाच हात तुला ऐकू येईल. नुसती धर."

मी पुन्हा कान लावायला लागलो, सवयच ती. तिनं वरून चापट मारली. मग मीच तिच्या टोपलीतला कापूस घेतला आणि दोन्ही कानांत कोंबला. ताई इतकी हसली की तिला बसावं लागलं. "आता कसा शोभतोस घराण्याला!"

आणि खरंच, थोड्या वेळानं कळायला लागलं. कुसळ असेतो मुठीत बारीक खरखर येते, पेरांच्या पहिल्या रेषेत. ती गेली की कानस साबणावरून जावी तशी जाते. किरकिर हातालाही येत होती इतकी वर्षं. मी हाताला कधी विचारलंच नाही.

एका नळीला एक तास पन्नास मिनिटं. चारशे बत्तीस भोकं. मग काठीला कापूस बांधून आरपार. आख्खा बाहेर आला. एक तंतू अडकला नाही. दुसरी नळी, तेच.

भरण ताईनं भरलं. वजनकाटा बाजूला सारून, ओंजळीत तोलून, पिंजून. मी नंतर गुपचूप काट्यावर ठेवलं: एकशे नव्वद. दुसरं: एकशे एक्क्याण्णव. ताईला कारखान्यात बसवलं असतं तर कंपनी बंद पडली नसती.

गाडी सुरू केली. मी हात ठेवला. मुंग्या नाहीत. धडधड होती, पण हळू, रुंद. खात्रीसाठी हिला बोलावून घेतलं. हिनं कान दिला आणि समोर येऊन, माझ्याकडे बघत सांगितलं: "गेली शिट्टी."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तपासणी. ताईनं दुकान बंद ठेवलं, पाटी लावून. गेल्या कित्येक वर्षांत कामाच्या वारी तिनं ते बंद ठेवलेलं मला आठवत नाही.

आवारात तिरकस रेघा मारलेली जागा, तिथे गाडी उभी करायची. सायलेन्सरच्या शेपटापासून अर्ध्या मीटरवर यंत्र, तिवईवर. तपासनीस काचेच्या बंद केबिनमध्ये. गाडीच्या सांगाड्यावरच्या पट्टीवर लिहिलंय: एक्क्याण्णव डेसिबल. त्याच्या वर गेलं की पाटी गेली.

सिस्टरनं इंजिन चढवलं, सांगितलं तितकं, धरलं, सोडलं. तीन वेळा उजवीकडे, तीन वेळा डावीकडे. तिची बोटं पांढरी झाली होती. मला आवाज कसा वाटला ते लिहीत नाही. माझ्या कानाची साक्ष आता मी घेत नाही.

केबिनमधल्या तपासनिसानं यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. शेजारच्या लिहिणाऱ्याला वळून काहीतरी सांगितलं. काच जाड. सिस्टर म्हणाली, "काय म्हणाला? काही ऐकू येत नाहीये." मागे रांगेत सहा माणसं, धडधाकट कानांची, सगळ्यांनी माना पुढे केल्या. कोणालाच काही कळलं नाही.

माझ्या खांद्यावर दोन थापा.

वळलो. ताई केबिनकडे बघत होती, डोळे बारीक करून. मग माझ्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. आवाज न करता, जसा मी लहानपणी करायचो, दारात कोण आलंय ते सांगताना.

"सत्त्याऐंशी," मी मोठ्यानं म्हणालो. "चार खाली. पास."

"तुम्हाला कसं ऐकू आलं, काका? काच बंद आहे!"

"ताईनं ऐकलं."

सिस्टर आधी मला मिठी मारणार होती, पण मध्येच तिनं दिशा बदलली. ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती चक्क रडली. ताई तिची पाठ थोपटत, तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला सांग, आता शेवटपर्यंत गाडीवर बसून जा म्हणावं. ढकलू नकोस."

मी सांगितलं. समोर जाऊन, उजेडाकडे तोंड करून. का ते मलाच कळलं नाही. सिस्टरला ऐकू येतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सिस्टरनं कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, उद्या सकाळची. वर म्हणाली, "कानात यंत्र बसवलं तरी हात ठेवायचं सोडू नका, काका." म्हणजे तिनं ताईकडून सगळं काढून घेतलेलं दिसतंय. मी आधी नको म्हणणार होतो. पण तपासणीला गाडी नेताना मी कधी नको म्हणत नाही, मग स्वतःला का?

या वहीतली एक चूक दुरुस्त करतो. सहा तारखेच्या नोंदीत मी लिहिलंय, किरकिर थांबली की कुसळ गेलं. ते खोडलं आहे. तिथे असं वाचावं: कापूस आख्खा बाहेर आला की कुसळ गेलं. रीत माझी नाही, ताईची आहे. पुढे कोणी उतरवून घेतली तर तिचं नाव विचारून लिहावं.

एक शंका मात्र राहिली. ही आणि ताई सांगतात की त्यांना मार्चपासून माहीत होतं. मग बोलल्या का नाहीत? ताईला विचारलं. ती म्हणाली, "थापा मारत होते की."

बाकी हिचं पुटपुटणं तसंच आहे. फक्त पुटपुटायचं असेल तेव्हा ती आता समोर येऊन उभी राहते. आज सकाळी स्वयंपाकघरातून आली, टेबलावर दोन थापा मारल्या. मी दाढी करत होतो. आरशातून तिच्या ओठांकडे पाहिलं.

"सात वाजले," ही म्हणाली.

मी तांब्या जागच्या जागी राहू दिला.